वाकड्या तोंडाचे मूळ कानात

रात्री धडधाकट निजलेला माणूस सकाळी उठतो तो तोंड एका बाजूला ओढलेले. डोळा मिटत नाही, चूळ भरली तर पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळते. चरक-सुश्रुतांनी याला अर्दित म्हटले, वातव्याधींत बसवले, आणि घरोघरी त्याचे ‘वारं लागलं’ झाले. 1821 साली लंडनच्या चार्ल्स बेलने चेहरा हलवणारी नस वेगळी दाखवली, तेव्हा हे वारे पडले असे वाटते. पण ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात ते कारण न सापडलेल्या लकव्यालाच! तेव्हा हे नाव शोधाच्या शेवटी द्यायचे, आरंभी नव्हे. आणि गोव्यातल्या डिचोलीत तो शोध कानापासून सुरू व्हावा, असे माझे म्हणणे आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस डिचोली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेली, पण डोंगर दोडामार्गाशी आणि सत्तरीशी जोडलेलेच राहिले. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेला काजू या उतारांवर माजला. उन्हाळ्यात बोंडू गोळा करणारी माणसे, गुरे, माकडे एकाच पाचोळ्यात वावरतात, आणि तिथेच गोचीड असते. 2015 मध्ये सत्तरीत, 2016 मध्ये दोडामार्गात गोचिडीच्या चाव्याने पसरणारा माकडताप आला, तेव्हा काजूच्या बागांत राबणारी माणसे त्यात सापडली. तो ताप विषाणूचा, त्याने तोंड वाकडे होत नाही. गोचीड कोणाच्या अंगापर्यंत पोचते, एवढेच त्यातून कळते. तीच कानात शिरून पडद्याजवळ चिकटली, तर पडद्यामागच्या हाडाच्या अरुंद बोगद्यातून जाणारी चेहऱ्याची नस सुजेने किंवा लाळेतल्या विषाने लुळी पडू शकते. मलेशियात आणि तुर्कस्तानात असे रुग्ण नोंदले गेले आहेत.

कोणी म्हणेल, इतक्या दुर्मीळ कारणासाठी एवढा खटाटोप कशाला, बहुतेकांचे तोंड आपोआप सरळ होते. होते खरे. पण कानात दुर्बीण घालायला मिनिटही लागत नाही, आणि न पाहता स्टेरॉइड सुरू केले तर गोचीड आत तशीच बसून राहते. कान दुखला की रोगीच सांगेल, हा दुसरा आक्षेप त्याहून लंगडा, कारण साध्या बेल्स पाल्सीतही कानामागे ठणकते. गंमत अशी की कानात कोमट तेल सोडण्याची आपली जुनी चाल इथे अगदीच वेडगळ ठरत नाही: पडदा शाबूत असेल तर डॉक्टरही कानातला किडा आधी तेलाने मारतात आणि मग चिमट्याने अलगद काढतात. जिवंत गोचीड ओढली तर तिचे तोंड कातडीतच तुटून राहू शकते.