विजयाची कथा आणि सोपाऱ्याचे बंदर

सिंहली जनांचा आद्य नायक म्हणून विजयाचे नाव घेतले जाते. इ. स. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या ‘महावंस’ या पाली ग्रंथात त्याची कथा आहे. लाळ देशातील सीहपुरचा राजा सीहबाहू याने आपल्या उच्छृंखल पुत्रास सातशे अनुयायांसह, अर्धी मस्तके मुंडवून, समुद्रात सोडून दिले. त्यांचे जहाज सुप्पारक बंदरास, म्हणजे आपल्या सोपाऱ्यास लागले. तेथेही अनुयायांनी दांडगाई केल्याने त्यास निघावे लागले. पुढे तथागतांच्या महापरिनिर्वाणदिनीच तो लंकेत उतरला, असे ग्रंथकार सांगतो.

तेथे कुवेणी नामक यक्षिणीच्या साहाय्याने त्याने यक्षांचा संहार केला व राज्य मिळविले. नंतर मदुरेची राजकन्या आणण्यासाठी त्याच कुवेणीचा त्याग केला. ती स्वजनांकडून मारली गेली. तिची दोन अपत्ये डोंगराळ प्रदेशात पळाली.

या कथेत इतिहास किती? सिंहली भाषा आर्यभाषाकुलातील आहे, म्हणजे उत्तरेकडून स्थलांतर झाले हे निश्चित. परंतु अनुराधपूर येथील उत्खननात विजयाच्या मानलेल्या काळापूर्वीची लोहयुगीन वसती आढळली आहे. भूमी निर्जन नव्हती, ओसाडही नव्हती. परिनिर्वाणाचा दिवस जुळणे ही घटना नसून ग्रंथकाराची योजना आहे, असे आम्हांस वाटते.

आम्हांस खरा प्रश्न यक्षांचा वाटतो. ज्यांची भूमी घ्यावयाची त्यांस आधी अमानुष ठरवावयाचे, ही रीत आपल्या देशातील ग्रंथांतूनही आपण पाहिली आहे. ती पाली ग्रंथात आली म्हणून धम्म ठरत नाही. भगवंतांनी कालामांस केलेला उपदेश स्वतःच्या परंपरेसही लागू करावा लागतो.

आणि हेच सोपारे आणखी एका प्रवाशाशी जोडलेले आहे. सुनापरान्तात जाऊ इच्छिणाऱ्या पुण्ण स्थविरास तथागतांनी विचारले की, तेथील लोक शिव्या देतील, मारतील, तर काय करशील? प्रत्येक वेळी पुण्णाने त्या लोकांचा चांगुलपणाच मानला. त्याच वर्षावासात त्याने पाचशे उपासक व पाचशे उपासिका धम्मात आणल्या, असे मज्झिमनिकायातील सुत्त सांगते. परंपरा त्याची भूमी सोपारा हीच मानते. तेथील स्तूप 1882 साली पं. भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनित केला.

एक सातशे जणांसह आला व हाकलला गेला. दुसरा एकटा आला व तेथलाच झाला. नवी भूमी कोणास लाभली, याचा निर्णय आम्ही सुज्ञ वाचकांवर सोपवितो.