लेनिनग्राडची परसबाग आणि राखलेले बी

परसात भाजी लावणे हा आपल्याकडे फावल्या वेळाचा आणि बहुधा घरातील बायकांचा उद्योग समजला जातो. इतिहासाच्या ग्रंथांत राजांच्या मोहिमांना प्रकरणेच्या प्रकरणे मिळतात. मेथीच्या वाफ्याला एक ओळही मिळत नाही. तरीपण गेल्या शतकात एका मोठ्या शहराने आपला जीव काही अंशी अशाच वाफ्यांच्या आधाराने धरून ठेवला, आणि त्याच शहरातील मूठभर माणसांनी पुढच्या पेरणीचे बी स्वतःच्या प्राणांपलीकडे जपले. ते शहर म्हणजे रशियातील लेनिनग्राड. १९९१ पासून ते सेंट पीटर्सबर्ग या आपल्या जुन्या नावाने पुन्हा ओळखले जाते. त्या शहराची ही हकीकत आपल्या घरच्या भाजीपाल्याशी कशी येऊन भिडते, ते आज पाहावयाचे आहे.

दुसऱ्या महायुद्धात ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याने लेनिनग्राडचा खुष्कीचा मार्ग तोडला. हा वेढा २७ जानेवारी १९४४ रोजी पुरता उठला; मोजून ८७२ दिवस. शहरात वीस-पंचवीस लाख माणसे अडकली होती. अन्नाचा साठा झपाट्याने आटत गेला आणि १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात शिधा अगदी तळाला पोचला. मजुराला दिवसाकाठी २५० ग्रॅम पाव, आणि बालके, वृद्ध व इतर आश्रित यांना अवघा १२५ ग्रॅम! त्या पावातही निव्वळ पीठ नव्हते. पेंड आणि लाकडाचा लगदा यांची भर होती. बाहेर हाडे गोठविणारी थंडी, घरात ना जळण ना दिवा. वेढ्याच्या काळात मेलेल्या नागरिकांची संख्या आठ ते दहा लाखांच्या घरात धरली जाते, आणि त्यांपैकी बहुतेकांचा बळी उपासमारीने घेतला.

भूक एकाच जातीची नसते, ही गोष्ट लेनिनग्राडच्या लोकांना लवकरच कळून चुकली. लाडोगा सरोवराच्या गोठलेल्या पाठीवरून थोडेफार धान्य येऊ लागले, शिधा जरासा वाढला; पण ताजी भाजी आणि फळे यांचे नाव नव्हते. हिरड्यांतून रक्त येणे, दात हलणे, पाय सुजणे ही स्कर्व्हीची लक्षणे दिसू लागली. हा रोग ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावी होतो. तेव्हा शास्त्रज्ञांनी पाइन वृक्षाच्या सुयांसारख्या पानांचा अर्क काढण्याची रीत बसविली आणि तो कडवट काढा कारखान्यांतून व इस्पितळांतून लोकांना पाजण्यात येऊ लागला. वसंत ऋतू येऊन बर्फ वितळताच माणसे मोकळ्या जागांत पाला शोधू लागली. खाजकुइलीसारखी आग करणारी नेटल नावाची वनस्पती, डँडेलियन आणि आपल्या चाकवताच्या जातकुळीतली रानभाजी, जे मिळेल ते शिजू लागले. कोणता पाला खाण्याजोगा आहे, हे सांगणारी पत्रकेही वनस्पतिशास्त्रज्ञांनी काढली.

पण रानपाल्यावर शहर किती दिवस जगणार? १९४२ च्या वसंतात नागरिकांनी स्वतः भाजी पिकवावी अशी मोहीम हाती घेण्यात आली. उद्याने, चौक, अंगणे, कवायतीची मैदाने, जेथे माती सापडेल तेथे कुदळ पडली. मार्स मैदान या ऐतिहासिक पटांगणात भाजीचे वाफे उभे राहिले. सेंट आयझॅक या भव्य चर्चसमोरच्या चौकात कोबीचे गड्डे धरले. त्यांची छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात. कोबी, गाजर, बीट, सलगम, मुळा, कांद्याची पात आणि बटाटा ही मुख्य पिके. त्या प्रदेशात उन्हाळा अगदी छोटा असतो, पण जूनमध्ये दिवस अठरा तासांहून मोठा असल्याने पालेभाजी झपाट्याने वाढते. ज्यांनी जन्मात कधी रोप लावले नव्हते असे कारकून, शिक्षिका आणि कामगार हे काम शिकले. दुसऱ्या हिवाळ्यात शहराची स्थिती पहिल्याइतकी भीषण राहिली नाही, त्याची कारणे अनेक आहेत. पुष्कळ लोकांना बाहेर हलविले होते, सरोवरावरील वाहतूक सुधारली होती, आणि खाणारी तोंडेही मृत्यूने कमी केली होती. तथापि या वाफ्यांचा वाटाही त्यात आहेच.

आता या हकीकतीची दुसरी बाजू. ज्या चौकात कोबी लावला होता, त्याच चौकाला लागून वनस्पतिसंशोधनाची एक संस्था होती. निकोलाय वाविलोव्ह या थोर शास्त्रज्ञाने ती नावारूपाला आणली. आपण खातो ती पिके मुळात पृथ्वीच्या कोणत्या भागांत माणसाळली, याचा शोध घेत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशोदेशी हिंडून पिकांचे दीड लाखांहून अधिक नमुने जमविले होते. अशा मूळस्थानांविषयीचा आपला सिद्धान्त त्यांनी १९२६ साली मांडला. त्यात भारताला मानाचे स्थान आहे: वांगे आणि काकडी यांचे मूळ घर त्यांनी आपल्याकडे दाखविले. उलट बटाटा, टोमॅटो आणि मिरची ही मंडळी अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आलेली. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील रोजची टोपली हीच मुळी जगाच्या इतिहासाचे एक पान आहे.

वेढा पडला तेव्हा वाविलोव्ह संस्थेत नव्हते. अनुवंशशास्त्राविषयी सत्ताधाऱ्यांना प्रिय असलेली मते त्यांनी मानली नाहीत. १९४० च्या ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली होती. मागे राहिलेल्या सहकाऱ्यांनी बियांचा संग्रह सांभाळला. उंदीर-घुशींपासून बी वाचवावे म्हणून ते पत्र्याच्या डब्यांत भरले. बटाट्याचे वाण गोठून मरू नयेत म्हणून तळघरात मिळेल ते जाळून ऊब राखली. भोवती तांदूळ, गहू, वाटाणे, शेंगदाणे, आणि पोटात अन्नाचा कण नाही! भाताचे अभ्यासक दिमित्री इव्हानोव्ह उपासमारीने मरण पावले तेव्हा त्यांच्या देखरेखीखाली भाताच्या हजारो पुड्या जशाच्या तशा होत्या. भुईमुगाचे तज्ज्ञ अलेक्झांडर श्चुकिन आपल्या कामाच्या मेजापाशीच गेले. त्यांचे आणखीही सहकारी असेच गेले. तिकडे सारातोव्हच्या तुरुंगात २६ जानेवारी १९४३ रोजी खुद्द वाविलोव्ह यांचाही अन्नान्न दशेत अंत झाला. जगाची भूक भागावी म्हणून आयुष्यभर बी गोळा करणाऱ्या माणसाला असे मरण यावे, याला काय म्हणावे! १९५५ साली त्यांच्यावरील ठपका काढून टाकण्यात आला, आणि आज ती संस्था त्यांच्याच नावाने चालते.

येथे कोणी विचारील, भुकेल्या माणसांसमोर धान्य कुलपात ठेवणे हा धर्म की अधर्म? प्रश्न खरा आहे, तो टाळता येत नाही. पण हिशेब करून पाहावा. हे नमुने मुठीमुठीचे होते. लाखो लोकांत वाटले असते तर माणशी घासभरही आले नसते, आणि हजारो वर्षांची निवड एका दिवसात संपली असती. शिवाय संग्रह राखणाऱ्यांनी इतरांना उपाशी ठेवून स्वतःचे पोट भरले नाही. उपवास त्यांनी स्वतःवर घेतला, म्हणून त्यांच्या निर्णयाला नैतिक बळ आहे.

श्रोतेहो, बी खायचे नसते ही शिकवण आपल्या घरांना नवी नाही. वेलावरचा सर्वांत चांगला दोडका किंवा दुध्या न तोडता बियांसाठी राखणे, तो वेलावरच वाळू देणे, बी राखेत घोळून मडक्यात किंवा आढ्याला टांगून ठेवणे, हे काम घरातील वडीलधाऱ्या बाईचे असे. पुढे बाजारातील पुडी सोयीची झाली आणि ही विद्या मागे पडली. संकरित वाणांनी उत्पन्न वाढविले हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांचे बी धरून पुन्हा पेरले तर पहिल्यासारखे पीक येण्याचा भरवसा नसतो. त्यामुळे दर साली पुडी घेणे आले. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे या गावी राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाण जमवून ही तुटलेली परंपरा पुन्हा जोडली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ते याच कामासाठी.

शहरातील बिऱ्हाडाने एवढा मोठा व्याप करावा असे माझे म्हणणे नाही. जागतिक आरोग्य संघटना दर माणशी दररोज किमान ४०० ग्रॅम भाजी-फळे सुचविते. चार कुंड्यांतून तेवढी निघणार नाहीत. पण पालेभाजी तोडल्यापासून तिच्यातील ‘क’ जीवनसत्त्व घटत जाते. म्हणून तोडल्या तोडल्या पानात पडणाऱ्या मूठभर भाजीचे मोल वजनावरून ठरवू नये. मिसळणाच्या डब्यातील मेथी मातीत टाकली तरी तीन-चार दिवसांत उगवते. धने किंचित रगडून दोन फाके करून पेरावेत. बी धरावयाचे तर चवळी, घेवडा, टोमॅटो यांपासून आरंभ करावा. यांचे परागण बहुतांशी फुलातल्या फुलातच होत असल्याने वाण सहसा भ्रष्ट होत नाही. टोमॅटोचे बी गरासकट दोन-तीन दिवस आंबू द्यावे, धुवावे आणि सावलीत वाळवावे. ओल आणि उष्णता हे बियांचे वैरी. कोरडी घट्ट झाकणाची बरणी पुष्कळ. कांद्याचे बी मात्र फार दिवस टिकत नाही, ते पुढच्याच हंगामात वापरावे.

मृग लागावयास आता फार दिवस उरलेले नाहीत. तोवर एखाद्या जुन्या शेतकरी नातेवाइकाकडून गावठी दोडक्याच्या किंवा घेवड्याच्या दहा बिया मागून आणाव्यात. पाऊस पडताच त्या लावाव्यात, भाजी खावी आणि हंगामाच्या शेवटी दोन फळे वेलावर राखावीत. त्यांतले निम्मे बी शेजारच्या घरी द्यावे. आपल्या कुंडीतला वेल कधी दगावला, तर वाण शेजाऱ्याकडे शिल्लक राहील.