बिरड्याचा रोजा

ज्यू समाजाचा इतिहास म्हटला की ॲमस्टरडॅम, प्राग अशी शहरं आधी आठवतात. मी रायपुरात राहून भाषांतरं करते. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि छत्तीसगढी. त्यामुळे असेल, पण या इतिहासातलं मला सगळ्यात जवळचं पान मराठी आहे : कोकणातल्या बेने इस्रायलांचं.

त्यांची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. वंशजांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी, शब्बाथला, घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. आडनावं गावांवरून पडली : रोहेकर, पेणकर, किहीमकर.

हिब्रू जवळजवळ विसरली गेली, तरी शेमा ही प्रार्थना, सुंता आणि सण टिकले. सणांना मराठी नावं मिळाली. वर्षारंभ झाला ‘नव्याचा सण’. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास झाला ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्याच्याशी वालाचं बिरडं जोडलं गेलं. दुःख जेरुसलेमचं, वाल कोकणातले, ‘रोजा’ फारसीतला. एवढं नेमकं भाषांतर घरातल्या चुलीपाशी झालं.

लेखी भाषांतर पुढे आलं. मुंबईत १७९६ साली सॅम्युएल इझेकिएल दिवेकरांनी सिनेगॉग बांधलं. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझेकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हगादा छापली गेली. इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेची ही कथा वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचतात. पुण्याच्या प्रतीतल्या चित्रांत बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथे १९६२ साली मुख्य रब्बिनेटने लग्नाआधी त्यांच्या आई-आजीपासून मागच्या पिढ्यांची चौकशी करायचा आदेश काढला. इतक्या पिढ्यांचा कागद कोण दाखवणार? लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. १९६४ साली ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं सरकारने मान्य केलं. मला वाटतं, त्यांची साक्ष कागदात नव्हतीच. शनिवारी थांबणाऱ्या घाण्यात आणि ‘बिरड्याचा रोजा’ या दोन शब्दांत ती होती.

इस्रायलमध्ये ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक १९८५पासून निघू लागलं. पण नातवंडांची भाषा हिब्रू झाली आहे. ज्यांना हिब्रू येत नव्हती त्यांच्यासाठी केलेल्या त्या हगादेत आता उलट घडतं : नातू हिब्रू मजकूर सरळ वाचतो आणि मराठीपाशी अडतो. रायपुरातल्या मराठी घरांना हे अडणं नवं नाही.

राजपूरकरांचं काम आपण ज्यू धर्मग्रंथांच्या कपाटात ठेवून दिलं. मराठी भाषांतराच्या इतिहासात त्याची जागा रिकामी आहे. ती भरणं हे आपलं, मराठी वाचणाऱ्यांचं काम आहे.