विशेष चिन्हांचे टंकन

विशेष चिन्हांचे टंकन : कळफलकावर ज्यांना स्वतंत्र कळ नाही अशी गणिती, शास्त्रीय, चलनविषयक किंवा लिपीतली चिन्हे संगणकावर उमटवण्याच्या पद्धती. √, ∞, ≠, ±, °, ₹ ही रोज अडवणारी उदाहरणे. मराठीपुरते पाहिले तर ‘ॲ’ आणि ‘दऱ्या’तला अर्धा र हेही याच रांगेत बसतात.

कळांची ही टंचाई टंकयंत्रापासून चालत आलेली आहे. क्रिस्टोफर शोल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १८६८ मध्ये पेटंट घेतलेले यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणले, ते कचेरीतल्या पत्रव्यवहारासाठी. गणिताचे प्रबंध टंकताना समीकरणाची जागा कोरी सोडत आणि नंतर पेनने भरत. संगणकाने तीच मांडणी उचलली. आस्की (१९६३) या संकेतप्रणालीत एकूण १२८ जागा होत्या. त्यांत अधिक, वजा, बरोबर, टक्के मावले. × आणि ÷ मात्र बाहेर राहिले. गुणाकारासाठी तारका आणि भागाकारासाठी तिरकी रेघ वापरण्याची प्रोग्रॅमिंगमधली रीत तर त्याहून जुनी, फोर्ट्रानपासूनची (१९५७). गणित्यांनी ती कधी मनापासून स्वीकारली नाही.

संगणकाच्या लेखी चिन्ह म्हणजे आकृती नव्हे, क्रमांक. युनिकोडने (पहिली आवृत्ती १९९१) जगातल्या लिप्यांतील अक्षरांना आणि चिन्हांना असे कायमचे क्रमांक देण्याचे काम हाती घेतले. ≠ चा क्रमांक षोडशमान पद्धतीत २२६०, ≤ चा २२६४, ∑ चा २२११. टंकनाच्या सगळ्या युक्त्या अखेर हा क्रमांक यंत्रापर्यंत पोहोचवण्याच्या वेगवेगळ्या वाटा आहेत. हे एकदा ध्यानात आले की शॉर्टकटांचे तक्ते पाठ करण्याची धास्ती बरीच कमी होते.

सर्वांत प्रसिद्ध वाट ऑल्ट कळेची. आयबीएमच्या १९८१ च्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये ऑल्ट दाबून धरायची, उजवीकडच्या अंकपट्टीवर २४१ टंकायचे आणि ऑल्ट सोडायची; पडद्यावर ± उमटे. २५१ ला √, २४६ ला ÷. विंडोजने ही सोय ठेवली आणि शेजारी दुसरी कोष्टकमाला उभी केली, जिच्यात क्रमांकाआधी शून्य लागते : ०१७७ म्हणजे ±, ०२१५ म्हणजे ×, ०१७६ म्हणजे अंशचिन्ह. शून्य विसरले की भलतेच अक्षर येते, आणि नवशिक्याला वाटते कळफलक बिघडला. वरच्या ओळीतले अंक इथे चालत नाहीत, त्यामुळे अंकपट्टी नसलेल्या लॅपटॉपवर ही युक्ती सहसा लंगडी पडते. वर्डमध्ये याहून सुटसुटीत रीत आहे : २२६० टंकून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबले की त्या अंकांच्या जागी ≠ येते. उलटही चालते, अनोळखी चिन्हापुढे कर्सर ठेवून तीच जोडी दाबली की त्याचा क्रमांक कळतो. ही दुसरी बाजू फारसे कोणी वापरत नाही, पण संशोधकाला आणि मुद्रितशोधकाला खरी उपयोगाची तीच.

मॅकवर ऑप्शन कळेसोबत व्ही दाबल्यास √, पी दाबल्यास π, ५ दाबल्यास ∞ मिळते. लिनक्समध्ये कंपोज नावाची कळ नेमून घेता येते : ती दाबून एकामागून एक + आणि - दाबले की ±, दोनदा एक्स दाबले की ×. दोन चिन्हांच्या आकारांतून तिसरे घडते, म्हणून ही पद्धत लक्षात राहते. माझ्या मते शिकवायला सर्वांत सोपी हीच.

सुट्या चिन्हांनी भागते तिथवर हे ठीक. अपूर्णांकावर वर्गमूळ, त्यावर घातांक अशी उतरंड रचायची तर आकारांची जुळणीच लागते. डोनाल्ड नुथ यांना १९७७ मध्ये आपल्या संगणकशास्त्राच्या ग्रंथमालेतील दुसऱ्या खंडाची नवी मुद्रिते पाहवली नाहीत; त्या नाराजीतून टेक ही अक्षरजुळणी प्रणाली जन्मली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर लाटेक उभारली. तिच्यात चिन्ह टंकत नाहीत, त्याचे नाव लिहितात : उलटी तिरकी रेघ आणि पुढे ‘इन्फ्टी’ म्हटले की ∞. साधा कळफलक पुरतो.

खरी गफलत होते ती दिसण्यावर विसंबल्याने. वजाचे चिन्ह (२२१२) आणि संयोगरेघ डोळ्याला जवळजवळ सारखी; पण शोधताना किंवा आकडेमोडीत ती एकमेकींच्या जागी चालतीलच असे नाही. अंशचिन्ह सापडले नाही म्हणून पुष्कळजण शून्य लहान करून वर चढवतात. मजकूर दुसरीकडे चिकटवला, स्वरूपण गळाले, की ३७ अंशांचे तापमान ३७० होते. सिम्बॉल फॉन्टाचा धोका याहून गंभीर. त्यात इंग्रजी एम टंकला की पडद्यावर ग्रीक μ दिसे, साठवला मात्र एमच जाई. फॉन्ट बदलला तर मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम, म्हणजे मात्रा हजारपट. औषधांच्या चिठ्ठीत μ टाळून एमसीजी लिहावे, ही शिफारस अशा चुका आणि हस्ताक्षरातले गोंधळ टाळण्यासाठीच आहे.

रुपयाच्या चिन्हाबाबतही हेच घडले. आयआयटी मुंबईत संशोधन केलेल्या उदयकुमार यांचा आराखडा केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारला. ऑक्टोबरमध्ये युनिकोडने त्याला २०बी९ हा क्रमांक दिला. मधल्या काळात १ च्या डावीकडच्या कळेवर ₹ दाखवणारे फॉन्ट फिरू लागले. ज्याच्याकडे तो फॉन्ट नसेल त्याला रुपयाऐवजी नुसता एक तिरका टिंबवजा फटकारा दिसे. आता भारतीय इंग्रजी मांडणीत उजवी ऑल्ट आणि ४ दाबले की खरे ₹ येते.

मराठीला ही फसगत नवी नव्हती. युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत आणि कळांवर न मावलेल्या जोडाक्षरांसाठी ऑल्टचे आकडे पाठ करावे लागत. टंकन वर्गांच्या भिंतींवर त्यांचे तक्ते लागत. त्या काळच्या फायली आज उघडल्या तर फॉन्टाविना इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो.

युनिकोडमध्ये ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत मिळाला. अर्ध्या र ची गोष्ट जरा खोल आहे. र, हलन्त आणि य जोडले की रफार होतो : दर्या, म्हणजे समुद्र. डोंगरातल्या दऱ्या हव्या असतील तर र ऐवजी नुक्ता असलेला ऱ घ्यावा लागतो, किंवा हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालावे लागते. दोन्ही वाटांनी आकार एकच दिसतो, पण साठवलेले क्रमांक वेगळे, त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडेलच असे नाही. ही सोय ठाऊक नसल्याने निमंत्रणपत्रिकेत आचाऱ्यांचे आचार्य झालेले पाहायला मिळतात. मान दोघांनाही असतो, पण कढई एकाच्याच हाती असते. इनस्क्रिप्ट मांडणीत ‘दर्या’साठी ओ, जे, डी, तिरकी रेघ आणि ई या कळा क्रमाने दाबायच्या, ‘दऱ्या’साठीही त्याच, फक्त जे दाबताना शिफ्ट धरायची.