नंबरप्लेट आणि डावी बाजू

चालकाची पारख करताना कायद्याने आधी नजर आणि हातपाय पाहिले. लक्ष मात्र त्या तपासणीबाहेरच राहिले. लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरचा चालक उदाहरणादाखल घेऊ. गावावरून जाणारा नांदेड–लातूर रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे.

लायसन्ससाठी १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नमुना १ भरावा लागतो. फिट येते का, चक्कर येऊन शुद्ध हरपते का, दिवसाउजेडी २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का? उत्तरे उमेदवारानेच द्यायची. चाळिशी उलटली असेल किंवा गाडी व्यावसायिक वाहतुकीची असेल, तर डॉक्टरचा दाखलाही लागतो. लक्षाबद्दल थेट प्रश्न एकही नाही.

मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला, की काहींना डावीकडचे जग उमगेनासे होते. डोळे शाबूत असतात, त्यामुळे समोरची नंबरप्लेट वाचता येऊ शकते. आपल्याकडे गाडी डाव्या अंगाने चालते. उसाची बैलगाडी, सायकलवाला, थांबलेल्या एसटीआडून अचानक पुढे येणारे पोर, सगळे त्याच बाजूला.

लक्षाची परीक्षा घेण्याचा जुना प्रयत्न मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांचा. १९१३च्या पुस्तकात त्यांनी ट्रामचालकांसाठीची युक्ती सांगितली आहे. पुठ्ठ्यावर रूळ रेखलेले. दोन्ही बाजूंना आकडे: १ म्हणजे पादचारी, २ घोडा, ३ मोटार. काळे आकडे रुळांना समांतर जाणारे, लाल आडवे येणारे. हँडल फिरवत पुढे सरकायचे आणि नेमके कोणते लाल आकडे रुळावर येणार, ते सांगायचे. आज आभासी रस्त्यावर गाडी चालवायला लावून घेतली जाणारी चाचणी याच युक्तीची वंशज म्हणायला हरकत नाही.

डोक्यावर घालायचा त्रिमित पडदा संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८मध्ये दाखवला. मेंदूच्या दुखापतीनंतरच्या चालकांसाठी त्याचा उपयोग संशोधक मारिया शुल्थाइस आणि रोनाल्ड मुरंट यांनी २००१मध्ये मांडला. आभासी रस्त्यावर माणूस आडवा आला तर ब्रेकला किती वेळ लागला, गाडी किती भरकटली, चालवता चालवता दुसरे काम दिल्यावर वेग किती ढळला, हे यंत्र टिपते. कोणाला धक्काही लागत नाही. काहींना मात्र पडद्यामुळे मळमळते, आणि अंतिम निर्णयासाठी खऱ्या रस्त्यावरची फेरी अजूनही लागते.

शुल्थाइस आणि मुरंट यांचे काम अमेरिकेतले, आणि तिथे वाहतूक उजवीकडून चालते. तिथे डावी बाजू हुकलेल्याला समोरून येणारी गाडी उमगत नाही, इथे रस्त्याकडेची माणसे. तिथला आभासी रस्ता अहमदपूरच्या चालकासाठी वापरायचा, तर तो आधी उलटा मांडावा लागेल.