रावेर परिसरातील जमीन आणि भांडवल

रावेर परिसरात जमीन तारण म्हणून खरी चालू लागली ती इंग्रज सरकारच्या जमीनमोजणीनंतर. गंमत अशी की 1852 साली सावदा, फैजपूर, रावेर या भागातल्या शेतकऱ्यांनी याच मोजणीला जोरदार विरोध केला होता. सारा वाढेल ही त्यांची भीती होती. मोजणी शेवटी झालीच. प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर मिळाला, खातेदाराचे नाव कागदावर चढले, आणि 1865 च्या मुंबई सर्व्हे कायद्याने कब्जेदाराचा हक्क वारसाकडे जाणारा व विकता येणारा ठरला. जे विकता येते ते गहाणही टाकता येते, हे सावकाराने शेतकऱ्याच्या आधी ओळखले.

त्याच दशकात अमेरिकेतील यादवीमुळे कापूस महागला आणि भुसावळहून खंडव्याकडे जाणारी रेल्वे रावेरवरून गेली. कापसाला पैसा येई तोवर कर्ज सहज मिळे. भाव कोसळल्यावर हिशेब उरे. गहाणाचे प्रकार गावाला पाठ होते. नजरगहाणात जमीन शेतकऱ्याकडेच राही. कबजेगहाणात सावकार ती कसून उत्पन्न घेई. मुदतखरेदी सर्वांत घातक : कागद खरेदीचा, बोली मात्र अशी की ठरल्या मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत. मुदत टळली की जमीन गेली. सुप्याला 1875 मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, ते पुणे जिल्ह्यात. पण त्यातून आलेला 1879 चा शेतकरी साहाय्य कायदा पुढे मुंबई इलाख्याच्या इतर भागांतही लागू झाला आणि खरेदीखताआड गहाण दडले आहे का, हे कोर्टाला तपासता येऊ लागले.

सहकाराने दुसरी वाट काढली. 1904 च्या कायद्यानंतर गावोगाव पतपेढ्या निघाल्या. पण त्यांचे कर्ज हंगामापुरते. विहीर खणायला किंवा जुने गहाण सोडवायला लांब मुदतीचा पैसा लागे, म्हणून भूतारण बँका आल्या. मुंबई इलाख्यातील अगदी पहिल्या अशा बँकांपैकी एक पूर्व खानदेशात पाचोऱ्याला निघाली. 1936 च्या डिसेंबरात रावेरजवळच्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा ग्रामीण कर्जाचा प्रश्न ठरावात होता.

केळीच्या बागायतीने रावेरची जमीन महाग केली. त्या जमिनीवर सहकारी सोसायटीचे पीककर्ज घेतले की तलाठी सातबाऱ्यावर बोजा चढवतो आणि तो फिटेपर्यंत जमीन मोकळी विकता येत नाही.

गावालगतची शेते बिनशेती होऊन प्लॉट पडू लागल्यावर सौद्याची रीतही बदलली. बँक सहसा नुसत्या शेतजमिनीच्या खरेदीला पुढे येत नाही, म्हणून व्यवहार विसारावर उभा राहतो. विसार देऊन साठेखत होते, उरलेली रक्कम ठरल्या हप्त्यांत. हे हप्ते पुष्कळदा प्लॉट घेणाऱ्यांच्या बुकिंगच्या पैशातून जातात. म्हणजे शेतकऱ्याच्या जमिनीचा भरणा ज्याने घर अजून बांधलेलेही नाही तो करतो. खरेदीखत रखडले तर दोघेही अडकतात. या गुंत्यावर स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांचे नियमन करणारा रेरा कायदा आला. महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या ले-आउटची नोंदणी बंधनकारक झाली आणि ग्राहकांच्या पैशांतले 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. त्याहून लहान तुकड्यांचे सौदे अजूनही विसारपावतीवरच चालतात, आणि तिथे विसार देण्याआधी सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना वाचलेला बरा.