डोंगरी सायकल काशीच्या गल्लीत

काशी हे पायी चालणाऱ्यांसाठी वसलेले नगर. वरुणा आणि असी या दोन प्रवाहांच्या मधल्या उंच काठावर ते वाढत गेले, आणि त्याच्या गल्ल्यांची रुंदी माणसाच्या खांद्यांवरून, फार तर पालखीवरून, ठरली असावी. गाय समोरून आली तर भिंतीला पाठ लावावी लागते. तेथे मोटारीची कथा ती काय! ब्रह्माघाट, दुर्गाघाट या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना हे सांगायला नको. या गल्ल्यांना मानवले ते यंत्र म्हणजे सायकल. २८ इंची चाकांची, सळयांच्या ब्रेकची ती काळी सायकल १९१६ साली स्थापन झालेल्या हिंदू विश्वविद्यालयाच्या विस्तीर्ण आवारातही रुळली.

१९९० नंतरच्या दशकात आपल्या बाजारांत दुसरीच सायकल आली. जाड दातेरी टायर, आडवा दांडा, अनेक गियर. नाव माउंटन बाइक. काशीत डोंगर कोठला? तरी तरुणांना ती आवडली. आज अशा कित्येक सायकली जिन्याखाली धूळ खात पडल्या आहेत, आणि त्यांना रोज कामावर जाण्याजोगे करायचे तर चाके बदलावी काय, असा प्रश्न निघतो. काही जणांना हा सायकलीच्या जातीवरच घाला वाटतो. पण तिची जात कोणती, ते आधी पाहू.

अमेरिकेतील श्विन कंपनीने १९३३ साली फुगीर टायरांची सायकल काढली, ती शहरातल्या मुलांसाठी. चाळीस वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरिन परगण्यातील तरुण अशाच टाकाऊ सायकली घेऊन टमाल्पाइस डोंगराच्या परिसरातील उतारांवरून भरधाव सुटू लागले. १९७६ साली तेथल्या एका उतारावर शर्यती सुरू झाल्या. त्यांचे नाव ‘रीपॅक’. उतरताना मागच्या हबातील ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि खाली पोहोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव. १९७७ साली जो ब्रीझ यांनी डोंगरासाठी खास सांगाडा बांधला. १९७९ साली गॅरी फिशर व चार्ल्स केली यांनी दुकान थाटले. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर बाजारात आली. म्हणजे डोंगरी सायकल मुळात शहरातलीच. तिला पुन्हा शहरात आणणे म्हणजे बाटवणे नव्हे, माहेरी आणणे होय.

माहेरी आणताना मात्र आकडे फसवतात. ‘२६ इंच’ या एका नावाखाली अनेक मापे नांदतात. डोंगरी सायकलीच्या रिमवर टायर जेथे बसतो तो व्यास ५५९ मिलिमीटर. २६ × १ ३/८ या मापाचा ५९०. २६ × १ १/२ याचा ५८४. जुन्या काळ्या सायकलीच्या २८ इंची चाकाचा ६३५, आणि आजच्या सडपातळ रस्ता-सायकलीचा ६२२. नुसते ‘सव्वीसचा टायर द्या’ म्हणणारा हात हलवत परत येतो, आणि बिचाऱ्या दुकानदाराला बोल लागतो.

५५९ च्या जागी ६२२ चे चाक बसवले तर काय होते? पातळ टायरामुळे एकूण उंची फारशी बदलत नाही: ५३ मिलिमीटर जाडीच्या जुन्या टायरासह चाक सुमारे ६६५ भरते, २८ मिलिमीटरच्या नव्यासह ६७८. रिम मात्र साडेएकतीस मिलिमीटर वर सरकते, आणि ब्रेकचे रबर जुन्याच जागी चिमटा घेत राहतात. हबावर चकतीचा ब्रेक असेल तर ही अडचण उरत नाही. पण जुन्या सायकलीला तो क्वचितच असतो. शिवाय मागचा हब सांगाड्याच्या फाट्यात बरोबर बसावा लागतो, तो हिशेब वेगळाच.

म्हणून माझे मत असे की, लंकेपासून रेल्वे-इंजिनांच्या कारखान्यापर्यंत मोकळ्या सडकेने रोज जाणाऱ्याने ब्रेकची सोय आधी पाहून खुशाल मोठी चाके घ्यावीत. गोदौलियाच्या पुढे दगडी फरश्यांच्या गल्ल्यांत शिरणाऱ्याने जुनी रिमच ठेवावी, आरे ताणून घ्यावेत आणि तिच्यावर दीड इंची गुळगुळीत टायर चढवावेत. फरश्यांमधल्या फटीत पातळ टायर रुततो. दीड इंची सहसा रुतत नाही. श्रावणात दगड ओले झाले म्हणजे दात्यांपेक्षा गुळगुळीत रबरच अधिक धरून राहते, कारण त्याचा जास्त भाग दगडाला टेकलेला असतो. शेणावर मात्र दोघांचाही इलाज नाही. तेथे उतरून चालावे.